गवताची रोवणी

नवरा एकाच हातात मोजा घालून घरात फिरतोय हे मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं कारखान्यात हाताला काही लागलं असेल. मी हातातलं सूप तसंच टाकून धावले.

"काय झालं? दाखवा बरं."

"काई नाई," हे म्हणाले. "ग्लोव्ह होय. गोल्फचा."

दुसऱ्या हाताचा कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणे एकच असतो. एकाच हाताचा मोजा विकणारा दुकानदार आणि तो नागपूरला जाऊन आणणारा माझा नवरा, यांतल्या कोणाचं नवल करावं तेच मला कळेना. बरं, माणूस तसा उधळ्या नव्हता. चपलेचा अंगठा तुटला तर शिवून घालणारा. म्हणून तर जास्त धक्का बसला.

ही ऐंशीनंतरची गोष्ट, रंगीत टीव्ही नुकते घरोघरी यायला लागले होते तेव्हाची. भंडारा जिल्ह्यातल्या एका खाजगी कंपनीच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. जवाहरनगरसारखी ती मोठी सरकारी वसाहत नव्हती. आमच्याकडे रांगेत बांधलेल्या क्वार्टर, एक क्लब, एक दवाखाना आणि मागे धानाच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांपर्यंत, पसरलेली मोकळी पडीत जागा. आजूबाजूच्या गावांची गुरं सकाळी तिथे जमायची आणि मग गायकी त्यांना जंगलाकडे हाकून न्यायचा. त्या जागेला सगळे आखर म्हणत.

माझं माहेर एकोडीचं, धान पिकवणारं. सासर कॉलनीपासून जवळच, तलावाच्या पलीकडच्या गावात, तेही धान पिकवणारं. हे त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. डिप्लोमा करून कंपनीत सुपरवायझर झाले. सासरे आधीच गेले होते. सासूबाई गावात एकट्या राहायच्या, तळ्याखालची थोडी शेती करायच्या आणि गावातल्या बायांसोबत एकमेकींच्या बांधीत रोवणीला, धानाची रोपं लावायला, जायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. माझी आई मी लहान असतानाच वारली, त्यामुळे आई म्हणजे काय असते ते मी लग्नानंतर पाहिलं. मी आजारी पडले तर त्या भल्या पहाटे पायी निघून यायच्या, दोन दिवस राहायच्या आणि परत जायच्या. आमची क्वार्टर एका खोलीची, मागे स्वयंपाकघर. कायमचं राहा म्हटलं तर म्हणायच्या, "मी कुठी झोपू, तुमच्या चुलीवर?"

त्यांनी आमच्याकडे कायमचं यावं, ही एकच गोष्ट मला त्या वर्षांत मनापासून हवी होती. आणि खरं सांगायचं तर यांनाही हवी होती. गोल्फ आमच्या घरात शिरला तो याच दारातून.

झालं असं की आमचे मॅनेजर साहेब कंपनीच्या कामासाठी जपानला जाऊन आले. गेले तेव्हा बॅडमिंटन खेळायचे, आले ते गोल्फचं वेड घेऊन. क्लबात त्यांनी सगळ्यांना एक कॅसेट दाखवली. बायकांनाही बोलावलं होतं. आम्ही पदर सावरून, पुढच्या रांगेत बसून पाहतो तर काय, एका मोठ्या कुरणात माणसं हळूहळू चालत आहेत. कोणी बोलत नाही. शेकडो लोक बाजूला उभे, तेही गप्प. मधूनच एकजण काठी फिरवतो आणि पुन्हा सगळे चालायला लागतात. शेजारच्या बाईंनी माझ्या कानात विचारलं, "कोण गेलं वं?" मला हसू आवरेना, आणि यांनी मागून माझ्याकडे असे डोळे वटारले की मी पदर तोंडात कोंबला.

मग साहेबांनी भाषण केलं. जपानमध्ये म्हणे जागा नाही, तर लोक इमारतींच्या गच्चीवर जाळ्या लावून, रांगेत उभे राहून नुसते चेंडू मारतात. ऑफिसातले साधे इंजिनियर. सिंगापूरला तेच, अमेरिकेत तेच. पूर्वी हा राजेरजवाड्यांचा खेळ होता, आता जगभरातला शिकलेला नोकरदार माणूस खेळतो. ज्याला पुढे जायचं आहे त्याने खेळलंच पाहिजे, कारण साहेब लोकांशी खरं बोलणं तिथेच होतं. मी मागे वळून पाहिलं. यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. बांधावर उभं राहून धानाला पाणी पाजणारा मुलगा, त्याला त्या रात्री कोणीतरी सांगितलं की जगातले सगळे इंजिनियर एका रांगेत उभे आहेत आणि त्या रांगेत तुझ्यासाठी जागा आहे. मी थट्टा करायची ती करायचेच, पण ते तोंड मी विसरू शकत नाही.

गोल्फचे मेंबर म्हणजे डिग्रीवाले अधिकारी. डिप्लोमावाल्यांपैकी "योग्य" वाटेल त्याला घेणार, असं ठरलं. मेंबर झालेल्यांना पुढच्या रांगेतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टर मिळतात, असं कॉलनीत सगळ्यांचं म्हणणं होतं. हे मला म्हणाले, "एकडाव मेंबर झालो का मोठी क्वार्टर भेटते. मंग मायले कायमची आणू." त्या दिवसापासून मी मोज्यावर बोलणं सोडलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेला आडवा ठेवून हे रोज संध्याकाळी चेंडू ढकलायचे. चेंडू भांड्यांवर आदळायचा आणि मी निमूट भाकरी थापायची.

आखराची जागा कुंपणाने बंद झाली. गायकी दोन-तीन दिवस गुरं घेऊन कुंपणापाशी उभा राहिला, मग लांबून जायला लागला. आत जमीन साफ झाली, खड्डे खणले, झेंडे लावले. खड्ड्याभोवती गवत हवं, पण आमच्या उन्हात ते कुठून टिकणार? म्हणून वर्कशॉपचं जळकं तेल वाळूत कालवून, रोलर फिरवून काळ्या गोल चकत्या केल्या. तेवढ्यात हेड ऑफिसचे बडे साहेब उद्‌घाटनाला येणार असं कळलं. आणि मॅनेजर साहेबांनी ठरवलं की निदान एक गोल तरी खऱ्या हिरव्या गवताचा झाला पाहिजे. ते काम कोणाकडे? तर शेतकऱ्याचा मुलगा म्हणून आमच्या यांच्याकडे. हे इतके खूश झाले की रात्री जेवले नाहीत.

श्रावण सरत आला होता. गावोगावच्या रोवण्या आटोपल्या होत्या. गवताची एकेक काडी चिखलात खोचायची, हे काम रोवणीवाल्या बायांइतकं भरभर कोण करणार? ठेकेदाराने ट्रॅक्टर पाठवला आणि गावातून बाया भरून आणल्या.

त्या दिवशी दुपारी मी दाराशी उभी होते. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा कासोटा खोचलेला, डोक्यावर पदर, अशी एक बाई आमच्या रांगेतून सरळ चालत आली. आत्याबाई! मी पाहतच राहिले.

"तुम्ही? इथं?"

"काहून? पोराची कंपनी होय ना," त्या हसत म्हणाल्या. "सगळ्या बाया येऊन राहिल्या, मंग मी काय घरी बसू? पानी दे."

पाणी पिऊन त्या ओट्यावर टेकल्या. मग आवाज उतरवून विचारलं, "त्या गोल बांधीत पिकते काय वं?"

"काही नाही. गवतच."

"मंग ढोरं चारतेत तिथं?"

"ढोरं आत येऊ देत नाहीत."

"मंग?"

"त्याच्यावर चेंडू घरंगळतो."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी चेष्टा करते की काय, याचा अंदाज घेत होत्या. मी करत नव्हते. "येवढं पानी लावून?" एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात हे जेवायला आले. आईला पाहून आधी चेहरा उजळला, तो मी पाहिला. मग नजर तिच्या पायांकडे गेली, मग रस्त्याकडे. रस्त्यावरून मॅनेजर साहेबांच्या बाई चालल्या होत्या. यांनी दार लोटलं.

"माय, तू कायले आली लेबरमंधी?"

"कामाले आली."

हे खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाह्य, माया मेंबरशिपचं चालू आहे. हेच चार दिवस होय. तिथं मले बाबू म्हणू नोको. ओळख दाखवू नोको. कोनी इचारलं तं मी लेबर आहो म्हन, बस. मंग मोठी क्वार्टर भेटली का तुले घ्याले मी सोता येतो."

मी हातातलं ताट दाणकन आपटलं. "लाज वाटत नाही का हो? पिठलं-भाकर खाऊन मोठे झाले ना याच हातची?" असं आणि आणखी बरंच बोलले. संताप माझा नाकावर, आवाज शेजारी जाईल याचंही भान नव्हतं. आत्याबाईंनी मला हातानेच गप्प केलं.

"बरं," त्या यांना म्हणाल्या. "नाई म्हनत बाबू."

आणि उठून कामावर गेल्या. जाताना ओट्यावरचे चिखलाचे डाग पाणी टाकून धुऊन गेल्या. यांनी भाकरी मोडली आणि खाल्ली, याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

पुढचे दिवस मी कुंपणाबाहेरून पाहायचे. बाया ओळीने वाकलेल्या, मागे मागे सरकत चाललेल्या, आणि मधोमध आत्याबाई. हे हातात मोजा घालून बांधावर उभे, "जवळ जवळ लावा, बाया" असं प्रमाण मराठीत ओरडणारे. आई मान वर करायची नाही.

बडे साहेबांचं येणं अचानक एक दिवस आधी झालं. त्यामुळे जीप आली तेव्हा गोलाच्या कडेची शेवटची पट्टी लावायची राहिली होती. उघाड होती, ऊन पडलं होतं. मांडवाखाली टेबल, त्यावर चहाच्या किटल्या. अधिकाऱ्यांच्या बायकांच्या मदतीला म्हणून मलाही बोलावलं होतं. बडे साहेब पांढऱ्या पॅन्टमध्ये, पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या टोपीत. पिकलेले केस, मवाळ बोलणं. ते म्हणाले, आधी गवत बघू. मॅनेजर साहेब पुढे, हे मागे, असे सगळे गोलाच्या कडेला आले आणि थांबले. बायांनी नेमकी तेव्हाच शेवटची पेंडी लावून संपवली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. रोवणी संपली की शेवटच्या बांधीतून बाया मालकाला कोरडा जाऊ देत नाहीत. ओंजळभर चिखल घेतात आणि मालकाला लावतात. चिखल लागला तर रास चांगली होते, असं मानतात. मालक पांढरे कपडे घालून आला असेल तर फारच उत्तम. मग त्याने हसत गूळ-फुटाणे वाटायचे. बाया चिखल न लावताच घरी गेल्या, तर मालकाला वाटतं आपल्यावर रागावल्या. बांधावर सगळे ज्याच्यापुढे वाकतात तो मालक, एवढं त्यांना माहीत. आणि ओळीतली थोरली बाई हा मान घेते.

मला ते एका क्षणात कळलं. हातात किटली होती. "आत्याबाई!" अशी हाक घशात आली तोवर त्या बांधावर चढल्यादेखील होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी बडे साहेबांच्या शर्टावर, छातीपासून पोटापर्यंत, चिखल फासला. मग चिखलाचं एक बोट त्यांच्या कपाळाला लावलं. मागे बाया खुदखुदल्या.

मॅनेजर साहेबांचा चेहरा पांढरा पडला. एका बाईंच्या हातातली बशी खाली पडून फुटली. आणि आमचे हे धावले. आईचा दंड धरून त्यांनी तिला मागे ओढलं.

"ए बाई! अक्कल आहे का? कोण आहे ही? ठेकेदार कुठे आहे? हाकला हिला!"

मी तिथे उभी होते. मी ते कानांनी ऐकलं. माझा नवरा, जो रात्री झोपेत घाबरला तर "माय" म्हणून दचकायचा, तो तिला हाकला म्हणाला.

बडे साहेब मात्र आपल्या शर्टाकडे बघत होते. त्यांनी बोटाने चिखल चोळून पाहिला. मग ते हसायला लागले. खळखळून, खांदे हलवून. "अरे, छोड़िए उनको," ते म्हणाले. "हमारे गाँव में भी यही होता है। धान लग गया तो मालिक को कीचड़। मेरी माँ लगाती थी। बरसों बाद आज किसी ने लगाया।" आणि चक्क हात जोडून आत्याबाईंना विचारलं, "माताजी, किस गाँव की हैं आप? घर में कौन है?"

मॅनेजर साहेब लगेच हसले. मग सगळेच हसले. वारा फिरला तो सगळ्यांना जाणवला. कोणीतरी गूळ आणायला धावलं. कोणी म्हणालं, फोटो काढा. आणि हे एक पाऊल पुढे आले. कपाळावर घाम, डोळे भरलेले. ते ढोंग नव्हतं, शपथेवर सांगते. पण उशीर झाला होता.

"सर," हे म्हणाले, "ये मेरी माँ है।"

बडे साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे. आत्याबाई पाटाच्या पाण्यात हात धूत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि उभ्या राहिल्या.

"नाई जी साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी लेबर आहो. ह्या साहेबायची कायतरी गलती होऊन राहिली."

"माय..." हे म्हणाले.

त्यांनी यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोवणीवाल्या बाया, ज्यांनी यांना लहानपणी कडेवर घेतलं होतं, त्याही सगळ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. बडे साहेब मॅनेजर साहेबांना म्हणाले, "चलिए।" चिखलाच्या शर्टातच त्यांनी पहिला चेंडू मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाया ट्रॅक्टरकडे निघाल्या. मी किटली टेबलावर ठेवली आणि चांगल्या साडीनिशी चिखलातून त्यांच्यामागे धावले. ट्रॉलीला हात लावून म्हणाले, "आत्याबाई, घरी चला."

"कोनाच्या?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. थंड, ओला हात. "जा वं पोरी, तुही चाय थंडी होऊन राहिली," म्हणाल्या, आणि ट्रॅक्टर सुटला.

हे मेंबर झाले. बडे साहेबांनी जाताना यांचं नाव विचारलं होतं, तेवढंच मॅनेजर साहेबांना पुरलं. मोठी क्वार्टरही मिळाली, पुढच्या रांगेत, आत एक जास्तीची खोली असलेली. त्या खोलीत मी नवी खाट टाकली, वर धुतलेली वाकळ अंथरली. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गावाला त्यांना आणायला गेलो.

आत्याबाई अंगणात धान पाखडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या. मी पाया पडले, त्यांनी मला जवळ घेतलं. मग घरातून खाट आणली, तिच्यावर पेटीतली नवी चादर अंथरली, तांब्या घासून पाणी आणलं आणि यांच्यापुढे धरलं.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या.

हे उभेच राहिले. "माय, मी होय वं. बाबू." आवाज फुटत होता. "चुकलो मी. चाल घरी."

"बसा ना जी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडून तो काढला असता. पाहुण्याशी बोलतात तशा त्या बोलत होत्या, अगदी मनापासून आदराने. हे खाटेच्या कडेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच, यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"साहेब गुळाची चाय पेतेत का वं? का दुकानातून साखर आनू?"